हेवी लायसन्स झालं, पण सगळीकडे "अनुभव किती?" पहिली गाडी देतं तरी कोण?

नवा_स्टेअरिंग

नमस्कार मंडळी. हेवीचं लायसन्स नुकतंच हातात आलंय. त्याआधी डिलिव्हरीची छोटी व्हॅन चालवत होतो, रोजचीच, त्यामुळे रस्त्याची भीती वगैरे नाही. पण ट्रकच्या नोकरीसाठी जिथे फोन करावा तिथे पहिला प्रश्न एकच, अनुभव किती? नवीन आहे म्हटलं की "बघू, कळवतो", आणि मग कोणी कळवत नाही. इकडे बातम्या काय तर जगभर ड्रायव्हर मिळेनात. आयआरयू म्हणून रस्ते वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२३ मध्ये सांगितलं होतं की ३६ देशांत मिळून ३० लाखांवर जागा रिकाम्या आहेत. मग त्यातली एक माझ्यासाठी का नाही हे काही डोक्यात शिरत नाही.

तर विचारायचं होतं की सुरुवात नेमकी कुठून करायची, थेट ट्रेलरवर जायचा प्रयत्न करू की आधी साधी सहा चाकी बरी? काहीजण म्हणतात वर्षभर क्लीनर म्हणून फीर, मग मालक आपोआप स्टेअरिंग देतो, ते खरं का? आणि एक एजंट भेटलाय, परदेशात ट्रकवर लावतो म्हणतो पण आधी पैसे मागतोय. घरचे म्हणतात देऊन टाक, मला जरा शंका आहे. अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

टॉपगिअर_काका

तू म्हणतोस त्या ३० लाख जागा नवख्यांच्या नाहीत रे बाबा. तुटवडा आहे तो शिकलेल्या, टिकणाऱ्या, रात्री-बेरात्री फोन न करता माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरचा. त्यात जुने निवृत्त होतायत, मधले कंटाळून सोडतायत, म्हणून जागा रिकाम्या दिसतात. नव्याला शिकवायचं तर एक गाडी आणि एक अनुभवी माणूस त्याच्यामागे अडकतो, तो खर्च करायची कोणाची तयारी नसते, तेव्हा सगळे दुसऱ्याने शिकवलेला ड्रायव्हर उचलायला बघतात.

आणि अनुभव मागतात त्यामागे पुष्कळदा मालक नसतोच, इन्शुरन्सवाला असतो. बऱ्याच ठिकाणी विमा कंपनी कमी वयाच्या किंवा कमी अनुभवाच्या ड्रायव्हरसाठी हप्ता वाढवते, नाहीतर असा माणूस नकोच म्हणून सांगते. मोठ्या कंपनीत तर फोन उचलणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, त्याच्यासमोर फॉर्म असतो आणि फॉर्ममध्ये दोन वर्षांचा रकाना असतो. म्हणून तिथे फोनवर डोकं आपटण्यात अर्थ नाही.

लहान मालकांकडे जा, दहा-पंधरा गाड्यांचे. ते माणूस बघून ठरवतात. आणि स्वतः जा, सकाळी गाड्या निघायच्या वेळेला नको, तेव्हा कोणाला बोलायला फुरसत नसते, दुपारी जा. काम कुठलं मागायचं तर जे जुने ड्रायव्हर नाकारतात ते. टिपर-डंपर, काँक्रीट मिक्सर, कचऱ्याच्या गाड्या, बांधकामाचं सामान, गोदाम ते दुकान अशा छोट्या फेऱ्या. यात अंतर कमी पण दिवसातून वीस वेळा रिव्हर्स, अरुंद जागा, चिखल, सगळं हाताखालून जातं. लांबच्या हायवेवर सरळ चालवून जेवढं शिकशील त्याच्या कितीतरी पट इथे शिकशील, फक्त कपडे खराब होतात. मोठ्या गोदामांच्या यार्डात नुसते ट्रेलर इकडून तिकडे लावायचं काम असतं, ते मिळालं तर सोडू नको, रिव्हर्स असा पक्का होतो की पुढे कुठल्याही टेस्टला घाबरायला नको.

सणासुदीच्या आधी आणि पीक निघायच्या हंगामात सगळ्यांनाच माणसं कमी पडतात, तेव्हा दार थोडं किलकिलं असतं. तेव्हाच घुसायचं.

---

फ्लीट_ऑफिसवाली

मी भरतीचं काम बघते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने लिहिते. काकांनी इन्शुरन्सचं सांगितलं ते अगदी बरोबर.

फोन आला की नवीन मुलं ऐंशी टक्के वेळ "सर/मॅडम काम आहे का" एवढंच विचारतात. त्यावर मी काय उत्तर देणार? याउलट कोणी म्हणालं की माझं हेवी अमुक महिन्यात झालं, आधी इतकी वर्षं व्हॅन चालवली, एकही अपघात नाही, मॅन्युअल गिअरबॉक्सवर शिकलोय, रात्रीची शिफ्ट चालेल, तर मी पेन उचलते. व्हॅनची वर्षं लिहायला लाजू नकोस. वेळेवर डिलिव्हरी, चलान-पावत्या सांभाळणं, गिऱ्हाईकाशी नीट बोलणं हे सगळं ट्रकवर पण तेच आहे. फक्त खोटा अनुभव लिहू नकोस प्लीज, आधीच्या ठिकाणी आम्ही फोन करतोच आणि गाडीत बसवल्यावर पाच मिनिटांत कळतंच.

आता टेस्ट. सगळ्यांना वाटतं गाडी चालवून दाखवायची असते. आमचा जुना ड्रायव्हर जो टेस्ट घेतो तो किल्ली दिल्यावर काही बोलत नाही, नुसता उभा राहतो, आणि मुलगा थेट केबिनमध्ये चढला की त्याचं अर्धं मत तिथेच बनतं. आधी गाडीभोवती फेरी मारायची. टायर, व्हीलनट, लाईट, आरसे, खाली ऑईल किंवा पाणी गळतंय का, मागची दारं लागलीत का, ताडपत्री-दोर घट्ट आहेत का. मग इंजिन सुरू करून हवा भरू द्यायची, गेजकडे बघायचं, कुठे हवा सुटल्याचा फुसफुस आवाज येतो का ऐकायचं. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब साधारण ६० पीएसआयच्या आसपास उतरला की वॉर्निंग वाजते आणि अजून उतरला तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात, म्हणजे हवा गेली की गाडी मोकळी पळत नाही, जागीच अडते. हे का होतं ते आम्ही विचारतो. ज्याला उत्तर येतं त्याने गाडी समजून घेतलीय असं आम्ही धरतो.

रस्त्यावर वेग कोणी बघत नाही. वळताना मागची चाकं आत कापतात ते आरशात बघतोस का, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतोस का, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घेतलास की मध्यावर जाऊन ब्रेक दाबत बसलास, एवढंच. लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी धरली की ड्रम तापतात आणि पकड जाते, त्यामुळे खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक. आणि रिव्हर्सला शंका आली की थांबून, उतरून, मागे जाऊन बघ. कितीदा उतरलास तरी मार्क कमी होत नाहीत. न बघता ठोकलीस तर मात्र तिथेच घरी.

---

मोकळा_डबा

क्लीनर म्हणून वर्षभर फीर वगैरे सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार 🙏 लायसन्स नसेल तर ठीक आहे, पण हेवी हातात असताना क्लीनर म्हणून गेलास तर तुला क्लीनरच ठेवतील, कारण स्वस्तात लायसन्सवाला मिळालाय, झोप आली की स्टेअरिंग तुझ्याकडे आणि पगार मात्र क्लीनरचा. जायचंच असेल तर सेकंड ड्रायव्हर म्हणून जा, कागदावर तसं लिहून घे, आणि अमुक महिन्यांनी स्वतःची गाडी मिळणार का ते आधीच विचार.

मला खरं तर पगाराबद्दल लिहायचंय कारण नवीन पोरं तिथेच फसतात. नोकरी मिळाल्याच्या आनंदात कोणी विचारतच नाही की पैसे कशावर मिळणार. किलोमीटरवर असतील तर लोडिंगला आठ तास उभं राहिलास त्याचे पैसे कोणाचे? रिकामी गाडी परत आणलीस त्याचे किलोमीटर धरणार का? ट्रिपवर असतील तर पुढे रस्ता बंद झाला, दोन दिवस अडकलास, मग? महिन्याचा पगार असेल तर रात्रीचं आणि सुट्टीच्या दिवसाचं काय? माल कमी भरला, टायर फुटला, दंड लागला तर पगारातून कापणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओव्हरलोड भरून दिला आणि पकडला तर कोण निस्तरणार, कारण वजनकाट्यावर उभा तू असतोस, मालक नाही. हे सगळं पहिल्या दिवशी विचारायचं, हसत हसत विचारायचं पण विचारायचं. जो मालक या प्रश्नांवर चिडतो त्याच्याकडे का जायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

अजून एक, "गाडी चालव, हप्ते कापून घेतो, चार वर्षांनी गाडी तुझी" असं कोणी म्हणालं तर नव्या माणसाने तिकडे वळूच नये. काम कमी आलं तरी हप्ता चालू, दुरुस्ती तुझी, आणि मध्येच सोडलंस तर भरलेले पैसे गेले. अमेरिकेत यावर सरकारने समिती नेमली होती, तिने जानेवारी २०२५ मध्ये असल्या योजनांवर बंदीच घाला अशी शिफारस केली, यावरून काय ते समज.

---

नवा_स्टेअरिंग

बापरे, इतकं सविस्तर! काका, यार्डाचं काम असतं हे मला माहीतच नव्हतं, उद्याच चौकशी करतो. ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं.

एक कंपनी ट्रेनिंग फुकट देते, पण दोन वर्षं सोडायचं नाही असा करार आहे, सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा. सही करू का? आणि एजंटचं कोणीच काही बोललं नाही.

---

उलटी_ट्रॉली

एजंटचं मी सांगतो, मी स्वतः बाहेर ट्रेलरवर आहे.

पैसे देऊ नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ नंबरचा करार आहे, त्यात सरळ म्हटलंय की खाजगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, ना थेट ना आडून, काही अपवाद सरकार ठरवू शकतं तेवढेच. सगळ्या देशांनी त्यावर सही केलेली नाही आणि काही ठिकाणी कायद्याने ठरावीक फी घेता येते, पण तीसुद्धा नोंदणी असलेल्या एजंटला, पावती देऊन. भारतातून जाणार असशील तर एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर कामाला जाण्याच्या) कायद्याखाली, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासता येते. नंबर माग. देत नसेल, टाळाटाळ करत असेल, तर विषय संपला.

दुसरं, तो एजंट हे सांगणार नाही म्हणून मी सांगतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर ट्रकची नोकरी होत नाही, ते पाहुण्यांसाठी असतं. नोकरीला त्या देशाचं लायसन्स लागतं, कुठे बदलून मिळतं, कुठे पहिल्यापासून परीक्षा. युरोपात तर लायसन्सवर भागत नाही, व्यावसायिक ड्रायव्हरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, सुरुवातीची परीक्षा आणि मग दर पाच वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून नवीन माणसाला सरकारी यादीतल्या ट्रेनिंगवाल्याकडूनच शिकावं लागतं, त्याशिवाय टेस्टला बसता येत नाही, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल न्यायला वय २१ लागतं. तेव्हा "पोचलास की दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग" म्हणणारा एकतर अडाणी आहे नाहीतर तुला अडाणी समजतोय.

आणि तासांचे नियम आत्ताच पाठ कर, कुठेही जा, उपयोगी पडतात. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच, दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतात. अमेरिकेत ११ तास चालवणं आणि ते १४ तासांच्या आत, त्याआधी १० तास सुट्टी. भारतात १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, नियम कितपत पाळतात ते तूच बघशील. इकडे गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र ड्रायव्हरच्या कार्डवर प्रत्येक मिनिट नोंदवतं आणि नियम मोडला तर मालकाबरोबर ड्रायव्हरच्या खिशालाही कात्री लागते. मालक फोनवर "अजून तासभर ओढ" म्हणेल, त्या फोनचा पुरावा कुठेच नसतो, तुझ्या कार्डवर मात्र सगळं असतं.

---

फ्लीट_ऑफिसवाली

कराराबद्दल, असे करार सरसकट वाईट नसतात, कंपनीचा खर्च झालेला असतो हेही खरं. पण सही करायच्या आधी तीन गोष्टी वाच. भरायची रक्कम आकड्यात लिहिलीय का, की नुसतं "झालेला खर्च"? दर महिन्याला ती कमी होते का, की २३ व्या महिन्यात सोडलं तरी पूर्णच? आणि कंपनीनेच काढलं तर काय? तिसऱ्याचं उत्तर "तरीही भरायचे" असेल तर सही करू नकोस. मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तर कुठेच जमा करायचा नाही, झेरॉक्स द्यायची.

---

अर्धा_टँकर

माझं छोटंसं. टँकरवर पैसे जास्त म्हणून नवे लोक तिकडे धावतात. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड, आतला माल हलतो, ब्रेक मारला की क्षणभराने मागून ढकलतो आणि वळणावर गाडी कलते. आडव्या पाट्या असतात आत, पण दुधासारख्या खाण्याच्या मालाच्या टँकरमध्ये धुवायला अडचण नको म्हणून बऱ्याचदा त्या नसतातच. केमिकल-पेट्रोलला वेगळं ट्रेनिंग आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते ते आलंच. आधी साध्या गाडीवर हात बसव, मग ये, जागा असतातच.

डोळे, शुगर, बीपी तपासून घे आत्ताच. मेडिकलला अडकलेले खूप बघितलेत, आणि चष्म्याने भागत असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

---

एआय_भक्त

हे सगळं ठीक, पण ड्रायव्हर नसलेले ट्रक आले की काय करणार? पाच वर्षांत हा धंदा संपणार, मुलाला कशाला नादी लावताय.

---

मोकळा_डबा

आले ना, टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन अरोरा नावाच्या कंपनीने २०२५ च्या एप्रिलअखेरीस सुरू केले, आणि थोड्याच आठवड्यांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून पुढच्या सीटवर परत माणूस बसवला. सरळ हायवेवर ती गाडी चालेलही पुढेमागे. पण गोदामातून बाहेर काढायची, गल्लीत रिव्हर्स घालायची, ताडपत्री बांधायची, चुकीचा माल भरला तर भांडायचं, ते कोण करणार? काकांनी सांगितलेली कामं सगळ्यात शेवटी जातील, त्यामुळे तिथूनच सुरुवात करणं उलट शहाणपणाचं.

---

नवा_स्टेअरिंग

अपडेट देतो. एजंटकडे नोंदणी नंबर मागितला, "ऑफिसात या मग दाखवतो" म्हणाला, नंतर फोनच उचलत नाही. घरच्यांना हा धागा वाचायला दिला, आता तेही गप्प आहेत.

यार्डाच्या कामासाठी एका ठिकाणी टेस्टला बोलावलंय पुढच्या आठवड्यात. ट्रेलर जोडून रिव्हर्स लावायला सांगणार आहेत. शिकताना ट्रेलर फक्त दोनदा मागे घेतलाय आणि दोन्ही वेळा वाकडा गेला. काही युक्ती?

---

उलटी_ट्रॉली

हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर, सहा वाजता काटा असतो तिथे. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला हात सरकव. वरून धरलं की डोकं उलटसुलट होतं, खालून धरलं की हात आणि ट्रेलर एकाच बाजूला जातात. थोडं थोडं फिरव, ट्रेलर उशिरा ऐकतो, आणि एकदा ऐकायला लागला की थांबत नाही, म्हणून तो वळायला लागल्याबरोबर लगेच उलटं फिरवून त्याच्या मागे जायचं. जमलं नाही तर पुढे घे, सरळ कर, परत. घाईने ओढत बसलास तर ट्रेलर केबिनला येऊन घासतो.

जोडताना खाली वाकून बॅटरीने बघ, किंगपिनभोवती (ट्रेलरखालची जोडायची खुंटी) जबडा बंद झालाय का आणि वरच्या प्लेटमध्ये फट तर नाही ना. मग हवेच्या नळ्या आणि लाईटची वायर लाव. ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवून खालच्या गिअरमध्ये हलका पुढे ओढ दे, हलला नाही म्हणजे धरलंय. ट्रेलरचे टेकायचे पाय वर घ्यायला विसरू नको, ते नेमकं घाईत राहतं. बोलून बोलून कर, म्हणजे टेस्ट घेणाऱ्याला कळतं तू काय बघतोयस.

---

टॉपगिअर_काका

आणि टेस्टच्या आधी अर्धा तास लवकर जा, तिथले ड्रायव्हर कसे लावतात ते नुसतं बघत उभा राहा. प्रत्येक यार्डात एखादा कोपरा असतो जिथे सगळ्यांचीच गाडी अडते, तो कुठला ते त्यांनाच विचार, सांगतात.